सायाळीचं तास

टाकळी बरड, ता. चिखली
९ जानेवारी २०२४

देवाभाऊ,

सप्रेम जयभीम.

पोस्टात नोकरी करणाऱ्या बहिणीने भावाला पत्र लिहू नये, तर कुणी लिहावं? सात वर्षं मी या गावच्या पोस्टाचा शिक्का मारते आहे आणि सात वर्षांत तुझ्या हातचं एक कार्ड त्या शिक्क्याखाली आलं नाही. फोन करतोस, पण गाडी चालवता चालवता. आबांना फोनवरचं नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी ते दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचून घेता येत नाही. म्हणून या वेळी मी लिहिते आहे आणि तूही लिहायचं. रजिस्टरने पाठव. साधी पत्रं चिखलीच्या बॅगेत आठ आठ दिवस झोपतात, आणि रजिस्टर आलं की माझ्या ऑफिसचीही शान राहते.

आता मुद्द्याचं. बरडावर खदान सुरू झाली आहे.

बरड म्हणजे काय ते तुला सांगायला नको. ज्या ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी पडीक, खडकावर गुरंसुद्धा थांबत नव्हती, तिथे आबांनी आणि आईने वीस उन्हाळे तलावातला गाळ डोक्यावरून वाहिला, दगडी बांध घातले आणि हातभर माती उभी केली. त्यातले पाच उन्हाळे तूही होतास. आत्याचं, तुझ्या आईचं, घर बसल्यावर सहावीत आमच्याकडे आलास आणि पहिल्याच दिवशी घमेलं उचललंस. तुझी डोक्यावरची चुंबळ सारखी सुटायची म्हणून आईची मागून घ्यायचास, आणि आई पदराचीच चुंबळ करून घ्यायची.

त्या मातीत भुईमूग धरू लागला तेव्हा नाल्याच्या कपारीतल्या सायाळी तो उकरायला लागल्या. तू आबांना म्हणालास, फासे लावू. आबा म्हणाले, "हे रान तिचंच होतं बापा. बांधाकडचं एक तास तिच्या नावानं पेरू." तेव्हापासून पेरणीची शेवटची ओळ सायाळीची. गावात कुणी हात सैल सोडून खर्च केला तर अजून म्हणतात, सायाळीचं तास पेरलं यानं.

ते तास गेलं. दिवाळीनंतर माणिकरावाचे दोन जेसीबी आले. हाच तो माणिकराव, ज्याच्या शेतात आई निंदायला जायची. पहिले तीन दिवस त्याने दगडाला हातही लावला नाही. वरची काळी माती खरवडली, डंपरमध्ये भरली आणि नेली. मग सुरुंग लावले. चौथ्या दिवशी नाल्याची कपार बसली. एक सायाळ तेवढी बाहेर पडली, ती क्रशरच्या रस्त्यावर सापडली आणि कामावरच्या लोकांनी तिचा रस्सा केला. मी पोचले तेव्हा काटे उरले होते. त्यातला एक सोबत पाठवते. अशाच काट्याला शाई लावून आपण पाढे लिहायचो.

आबा जेसीबीपुढे आडवे झाले तेव्हा माणिकराव एवढंच म्हणाला, "सातबारा दाखव, दयाराम." त्या दिवसापासून आबा खाटेवर आहेत. जेवतात, बोलतात, पण दारातून बरड दिसतं म्हणून त्यांनी खाट भिंतीकडे फिरवून घेतली आहे.

मला या माणसांचं वाटोळं करायचं आहे. सभ्य शब्द शोधत बसत नाही. तू खाणी बुजवण्याच्या कामातला साहेब आहेस. खदान करताना मातीचं आणि जनावरांचं काय करायला हवं होतं, आणि जे झालं ते करणाऱ्यांना काय शिक्षा व्हायला हवी, ते तुझ्या हाताने लिहून पाठव. टाइप केलेलं नको. आबा तुझं अक्षर ओळखतात.

तुझी,
धम्मशीला

•

नागपूर
२० जानेवारी २०२४

प्रिय शिला,

जयभीम. काटा टेबलावर ठेवला आहे आणि त्याच्याकडे बघतच लिहितो आहे. पत्र दोनदा वाचलं. दुपारी जेवण गेलं नाही. मामांनी खाट फिरवून घेतली, हे वाचून मला काय झालं ते लिहिता येत नाही.

तू विचारलंस ते सांगतो. कागद सांभाळून ठेव, उपयोगी पडेल.

खदानीत सगळ्यात महाग वस्तू दगड नसते, वरची वीतभर माती असते. ती आधी काढून वेगळी ठेवायची. ढीग माणसाच्या उंचीपेक्षा वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर आतली माती मरते. ढिगावर गवताचं बी फेकायचं, म्हणजे ती वाहून जात नाही. दगड काढून झाला की खड्डा भरायचा आणि तीच माती त्याच जागी परत पसरायची. पसरताना वर मशीन चालवायचं नाही. दबलेल्या मातीत मूळ उतरत नाही. शेवटचा थर हातानेच पसरावा. ती माती विकणं किंवा दुसरीकडे नेणं म्हणजे सरळ चोरी.

जनावरांचं असं, की आराखडा करणाऱ्याने आधी ती जागा पायी फिरून बघायची असते. पहाटे आणि संध्याकाळी, निदान दहा दिवस. बिळं, लेंड्या, पडलेले काटे, सगळं नोंदवायचं. बीळ सापडलं तर त्याच्या आजूबाजूला सुरुंग लावता येत नाही. सायाळ उकरते त्या खळग्यात पाणी थांबतं आणि बी पडतं. तिच्यावाचून ते रान पुन्हा उभं राहायला दुप्पट वर्षं लागतील. बरडावर ज्याने हा आराखडा केला, तो एक दिवस जरी तिथे चालला असता तरी त्याच्या पायात काटा घुसला असता. न चालता सही केली असेल तर तो माणिकरावापेक्षा मोठा गुन्हेगार. माणिकराव अडाणी लोभी आहे, हा शिकलेला आहे. अशा माणसाचं नाव काळ्या यादीत जायला हवं आणि पुन्हा कुठल्याही कागदावर त्याची सही चालता कामा नये. हे मी या धंद्यात अठरा वर्षं काढून लिहितो आहे.

माती कुठे गेली ते शोध. मातीला ओळख असते. आपल्या तलावाच्या गाळात बोटाच्या पेराएवढे पांढरे शिंपले असायचे, आठवतं? घमेल्यातून वेचून आपण खिशात भरायचो. जिथे ते सापडतील, तिथे मामांची माती आहे.

माणिकरावाला सोडू नकोस. मी आहे.

तुझा,
देवानंद

•

टाकळी बरड
११ फेब्रुवारी २०२४

देवाभाऊ,

जयभीम. तुझं पत्र आबांना दोनदा वाचून दाखवलं. 'मी आहे' हे शब्द आले तेव्हा त्यांनी कूस बदलली, आणि दोन-तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "पाह्य, मी म्हणत होतो ना, देवा हाय." आता येईल त्याला तेच सांगतात.

माती सापडली. माणिकरावाने दोन वर्षांपूर्वी डाळिंबाची बाग लावली आणि यंदा दिवाळीनंतर ती दुप्पट केली. तारेचं कुंपण, ठिबक, सगळं आहे. शालूबाई तिथे निंदायला जाते. रविवारी मी तिच्यासोबत डोक्याला फडकं बांधून मजूर म्हणून गेले. चौथ्या ओळीत खुरप्याला खट्‌ आवाज आला. शालूबाईने माती चोळली आणि म्हणाली, "ह्या माय, हे त शिंपले हायत. डाळिंबाले शिंपले कोठून आले?" चार ठिकाणी उकरलं, चारही ठिकाणी शिंपले निघाले. एका जागी सायाळीचा मोडका काटाही मिळाला, आणि त्या कुंपणातून मांजर जात नाही.

तेवढ्यात माणिकराव आला. त्याने मला फडक्यातही ओळखलं. "काय शोधून राह्यली, पोस्टमास्तरीणबाई?"

"तुमचं टपाल आलं हाय मालक. पत्ता पाहून राह्यली."

तो हसला. म्हणाला, "हा गाळ मी तलावातून आणला." मी त्याला आठवण दिली की तलाव फुटून बारा वर्षं झाली, आता तिथे वेड्या बाभळी आहेत. बारा वर्षांत त्यातून टोपलंभर गाळ कुणी काढला नाही. मग तो हसला नाही. शालूबाईचा रोजगार त्या दिवसापासून बंद झाला. ती म्हणते, "बंद त बंद, त्याच्या डाळिंबात किडे पडो." मी तिच्या बोलण्याला मनापासून होकार दिला.

शिंपल्यांचे फोटो काढले, पंचांसमोर माती पाकिटात भरली. आता अर्ज. कागदावर बरडाला बरड म्हणत नाहीत, हे मला तलाठ्याकडे कळलं. ती जागा आपल्या गावच्या हद्दीतच नाही. शेजारी पूर्वी एक गाव होतं, ते प्लेगात उठलं. माणसं गेली, नाव दप्तरात राहिलं. त्या उजाड गावाच्या नावावर ती जमीन लागते: मौजे वाघाडी रिठी, गट नंबर ४७. आपल्यापैकी कुणी ते नाव कधी ऐकलेलं नाही. तुला कुठे कागदपत्रांत दिसलं तर बघ. आराखड्याची नक्कल मिळावी म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज केला आहे. अजून हातात आलेली नाही.

सही करणाऱ्याबद्दल तू जे लिहिलंस, त्याच्याखाली मी लाल रेघ ओढली आहे. पुढे काय करू ते सांग.

तुझी,
धम्मशीला

•

नागपूर
२४ मार्च २०२४

प्रिय शिला,

उशीर झाला. मार्चअखेर असल्याने श्वास घ्यायला वेळ नाही. प्रकृतीही मधे बरी नव्हती.

तुझं पत्र वाचलं. तू फार पुढे गेली आहेस, असं वाटतं. माणिकरावासारख्याशी वैर घेऊन खेड्यात राहणं सोपं नाही. मी त्याच्याशी बोलू शकतो. खड्डा बुजवून वर हजारभर झाडं लावून देईल, मामांचंही समाधान होईल. सुनावणीत वर्षं जातात.

आणखी एक. आराखडा करणाऱ्याच्या मागे लागू नकोस. या कामात सल्लागाराला मालक देतो त्या कागदांवर विसंबावं लागतं. त्याचा दोष असतो, नाही असं नाही, पण तेवढा नसतो. नक्कल मिळणार नाही. मिळाली तरी तुला त्यातलं काही कळायचं नाही.

माझं आधीचं पत्र रागाच्या भरात लिहिलं होतं. ते फाडून टाक. मामांना नमस्कार.

देवानंद

•

टाकळी बरड
१६ एप्रिल २०२४

देवाभाऊ,

जयभीम. पत्र मिळालं. तुला लिहायला बेचाळीस दिवस लागले. मी आपली पोस्टाला दोष देत बसले होते, आणि पोस्ट मीच आहे.

परवा जयंतीला पोरांनी आबांना खाटेसकट विहारापर्यंत नेलं. पंचशील झाल्यावर आबांनी माईक मागितला. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाले, "माह्या बहिणीचा पोरगा नागपुरात मोठा साहेब हाय. खदानीत माती वापस टाकाचं काम करते. त्यानं लिहून देलं हाय का हे चोरी हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तू घाबरू नकोस म्हणून सांगते, नक्कल अजून आलेली नाही. पण सुनावणी लागली आहे, पंधरा मेला, चिखलीला, तहसीलदार साहेबांपुढे. तू म्हणतोस की सल्लागाराचा तेवढा दोष नसतो. असेल बापा. मी पोस्टातली बाई, मला काय कळतं. पण साहेबांनी विचारलं की चांगला सल्लागार कसं काम करतो, तर काय सांगू? म्हणून एवढंच लिही, की तू स्वतः कसं करतोस. जागेवर जातोस का? न बघता सही केलीस असं कधी झालं का? आबांना तेवढंच ऐकायचं आहे. ते म्हणतात, "देवा त चालल्याशिवाय सही करत नसीन."

आणि हा जो कुणी सल्लागार आहे, त्याला तू ओळखतोस का? एकाच धंद्यातले तुम्ही. ओळखत असलास तर आत्ताच सांग, भाऊ. आत्ता सांगितलंस तर काही बिघडणार नाही.

धम्मशीला

•

नागपूर
३० एप्रिल २०२४

प्रिय शिला,

मामांनी माईक घेतला हे वाचून डोळे भरून आले.

त्यांना सांग, मी प्रत्येक जागा स्वतः पायी फिरून बघतो. कागदावर विसंबून मी आजवर एकही सही केलेली नाही. मामांनी शिकवलेलं मी विसरलो नाही.

तुझ्या प्रकरणातला सल्लागार कोण, मला माहीत नाही. नागपुरात असे शंभर आहेत.

सुनावणीची पुढची तारीख माग. पावसाळा संपला की मी स्वतः येतो, मग आपण बसून ठरवू. तोवर कुठलाही कागद पुढे करू नकोस. माझी पत्रं तर नकोच. ती घरातली आहेत.

तुझा,
देवानंद

•

टाकळी बरड
१७ मे २०२४

श्री. डी. बी. हिवाळे,
मान्यताप्राप्त खाण सल्लागार, नागपूर यांस,

आराखड्याची नक्कल मला २८ डिसेंबरला मिळाली. माझं पहिलं पत्र जानेवारीतलं आहे. आता मागे जाऊन सगळी पत्रं पुन्हा वाच.

पान चौदा: 'सदर जागा उघडा खडक असून मातीचा थर नाही.' पान सतरा: 'वन्यजीव: निरंक.' पान एकवीस: तुझी सही. शाळेत मी ती सही गिरवायचे. 'द'चं शेपूट ओळीखाली ओढायची तुझी सवय गेलेली नाही. मी त्या दिवशी पोस्टाच्या स्टुलावर बसले होते आणि समोर एक म्हातारी पेन्शनला उभी होती. तिला पैसे कसे मोजून दिले ते मला आठवत नाही.

फोन का केला नाही, ते तुला आता कळलं असेल. फोनवर तू हळहळला असतास आणि ते हवेत गेलं असतं. मला तुझं अक्षर हवं होतं. त्यावर रजिस्टरचा नंबर हवा होता, तुझ्या पोस्टाचा शिक्का आणि माझ्या पोस्टाचा शिक्का, दोन्ही तारखांसकट. सात वर्षं हेच काम केलं आहे मी.

तरी एक सांगते, म्हणजे तुझ्या मनात संशय नको. रिठीचं नाव तुला माहीत नसणार, हे मी धरून चालले होते. आपल्याच मामाचं बरड तू जाणूनबुजून विकलंस, असं मला क्षणभरही वाटलं नाही. म्हणूनच फेब्रुवारीत गट नंबर लिहिला आणि वाट बघितली. बेचाळीस दिवस. 'शिला, ही सही माझी आहे' एवढ्या पाच शब्दांचं कार्ड आलं असतं तर तुझं पहिलं पत्र मी चुलीत घातलं असतं आणि एकट्या माणिकरावाला धरलं असतं. एप्रिलमध्ये पुन्हा विचारलं. जवळजवळ पाया पडून विचारलं. तू काय लिहिलंस? की तू पायी फिरतोस.

परवा सुनावणीत साहेबांनी तुझी तिन्ही पत्रं वाचली. पहिलं मोठ्याने वाचलं. माणिकरावाचा वकील म्हणाला, हे कोण देवानंद, यांचा काय संबंध? मी म्हटलं, साहेब, पान एकवीस बघा. त्यांनी पत्र आणि पान शेजारी शेजारी धरलं. वकील खाली बसला. माणिकरावाने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी त्याला बागेतलं टपाल आठवतं का, असं विचारलं. मला फार बरं वाटलं, देवानंद. इतकं बरं मला आई गेल्यापासून वाटलं नव्हतं.

खदान बंद झाली. माणिकरावाने बागेतली माती मृगाच्या आत बरडावर आणून द्यायची आणि खड्डा भरायचा. निम्मी डाळिंबं मुळापासून उपटावी लागणार. बांधाच्या आत मशीन न्यायचं नाही. शेवटचा थर हाताने पसरायचा. हे वाक्य तुझ्या पत्रातून जसंच्या तसं निकालात गेलं आहे. आणि तुझं नाव वेगळ्या पत्राने वर खाण खात्याकडे पाठवलं आहे, तेही तुझ्याच शब्दांत: पुन्हा कुठल्याही कागदावर या माणसाची सही चालता कामा नये. शिक्षा तूच लिहिलीस. मी फक्त पोचवली. टपाल पोचवणं हेच माझं काम आहे.

सायाळ परत येईल की नाही, ते माहीत नाही. कपार तर गेलीच.

आबांना अजून काही सांगितलेलं नाही. निकालात 'सल्लागार' एवढंच आहे, आणि सुनावणीला आपल्या बाजूने माझ्याखेरीज शालूबाईच होती. ती बोलणार नाही, आणि माणिकराव आबांच्या दारात पाऊल ठेवणार नाही.

धम्मशीला

•

नागपूर
२४ मे २०२४

शिला,

मला नोटीस आली आहे. त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

वर्षाला साठ अहवाल जातात. 'निरंक' आधीच छापलेलं असतं. नाव आणि गट नंबर तेवढा बदलतो. मी कुठे सही करतो हे बघणंच सोडलं होतं. तुझं फेब्रुवारीचं पत्र आलं तेव्हा कपाटातून फाइल काढली आणि तिच्यासमोर बसून राहिलो. रोज ठरवायचो की आज लिहीन. मग दिवस जायचा. खरं सांगतो.

एकच मागतो. मामांना सांगू नकोस. धंदा जाऊ दे, नाव जाऊ दे. त्यांच्यासमोर नको. तू म्हणशील ते करीन.

देवानंद

•

टाकळी बरड
३० मे २०२४

चिरंजीव देवानंद याले मामाचा जयभीम.

शिलाले म्हटलं लिही, मी सांगतो. माती येऊन राह्यली बापा. माणिकरावचे डंपर बांधापोत येतात अन् टाकून जातात. काल माहीच माती मी मुठीत घेऊन पाह्यली. शिंपले तसेच हायत. मी आता खाट फिरवून घेतली. दाराकडं तोंड हाय. दिवसभर पाहत राह्यतो.

तुह्यं पह्यलं पत्र शिलानं मले इतक्या वेळा वाचून दाखवलं का पाठ झालं. बाकीचे दाखवत नाही. म्हणते त्यात कायदा हाय, तुमाले समजत नाही. तूच लिहिलं म्हणे का आतमंदी मशीन नेऊ नोका, हातानं पसरा. बरोबर लिहिलं. माह्ये हात आता उचलत नाहीत. गावातले धा-बारा जण येतात घमेले घेऊन, पण त्याइले आपले बांध ठाऊक नाहीत. तुले ठाऊक हायत. मृगाच्या आंधी ये. आठ दिवसाची सुट्टी काढ.

तुही मामी जनका असती त तिले सांगतलं असतं, का तू म्हणत होती ना, आपण या पोराले शिकवून राह्यलो त काही तरी कामी पडीन. पडलं. तिची चुंबळ खुंटीले तशीच होती. ते पाठवून राह्यलो. तुही सुटते लहानपणापासून.

आणखीन एक. ज्यानं कागदावर लिहिलं का तिथं माती नाही अन् जनावर नाही, त्याचं नाव शिला सांगत नाही. लय वेळा विचारलं. म्हणते, देवाले ठाऊक हाय, तो आला का त्यालेच विचारा. त मी वाट पाहून राह्यलो. तू ये अन् मले सांग तो कोण होय. मले त्याले काही करायचं नाही. एक डाव त्याचं तोंड पाह्यचं हाय.

यंदा पह्यलं तास सायाळीचं पेरू. तुह्या हातानं.

तुहा मामा,
दयाराम

ता. क. आबांनी सांगितलं तसं लिहिलं आहे, एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही. तू म्हणालास, मामांना सांगू नकोस. नाही सांगितलं. ते तुझ्यासाठी ठेवलं आहे. न आलास तर मी दर आठवड्याला त्यांचं असंच एक पत्र लिहून पाठवीन; ते दार सोडून हलणार नाहीत आणि मीही पोस्ट सोडून हलणार नाही. चुंबळ रजिस्टर पार्सलने येते आहे. पोस्टमन पोच पावतीवर सही मागेल. या वेळी वाचून कर.

धम्मशीला